टाचदुखीवर शॉकवेव्ह घ्यावी का?

प्रश्न : सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच असह्य दुखते. आठ महिने व्यायाम केले, हीलकपही (बुटात टाचेखाली ठेवायच्या मऊ गाद्या) वापरले. आता शॉकवेव्ह सुचवली आहे. यात विजेचा झटका बसतो का?

उत्तर : नाही. हे यंत्राने त्वचेवरून दिलेले दाबलहरींचे ठोके असतात. मूतखडा बाहेरून फोडण्याचं तंत्र १९८० साली म्युनिकमध्ये रुग्णावर प्रथम वापरलं गेलं, त्याचीच ही पुढची शाखा. तुमच्यासारख्या चिवट टाचदुखीत ती करून पाहण्याजोगी आहे.

साधारणपणे आठवड्याला एक, अशा तीन ते पाच बैठका होतात. आधी बोटाने दाबून नेमका दुखरा बिंदू शोधतात. जेल लावून दर बैठकीला सुमारे २००० ठोके देतात. जेल कमी पडलं तर मध्ये हवा राहते आणि लहर आत पोचत नाही. दाब कमी ठेवून सुरुवात करावी, सोसेल तसा वाढवावा. भूल मागू नका : ‘इथेच दुखतं’ हे तुम्ही सांगितलं तरच ठोके योग्य जागी पडतात, शिवाय बधिर केल्यास परिणामही घटतो.

नंतर एक-दोन दिवस ठणका वाढू शकतो. तेव्हा बर्फ आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शक्यतो टाळा, दोन दिवस धावू नका. खरा फरक सहा ते बारा आठवड्यांत कळतो. दुसऱ्या बैठकीनंतर निराश होऊन सोडणं ही नेहमीची चूक. पोटरी ताणण्याचे व्यायाम चालूच ठेवा.

गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधं, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग, नुकतंच घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.