'जॉब शेअरिंग' म्हणजे अर्धवेळ नोकरी नव्हे

कामगार संघटनेच्या मागणीपत्राचा मराठी मसुदा करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: 'जॉब शेअरिंग'ला, म्हणजे एकच पूर्ण पद दोघांनी मिळून सांभाळण्याला, 'अर्धवेळ काम' म्हटलं तर चालेल का, की 'कामवाटप' बरं? आणि 'फ्लेक्सिबल'ला 'लवचिक' पुरेल का?

'कामवाटप' नको. कचेऱ्यांत त्याचा अर्थ ठरून गेलाय: कोणत्या टेबलाला कोणतं काम, याची वरून आलेली यादी. व्यवस्थापन तोच अर्थ घेईल.

'अर्धवेळ' त्याहून घातक आहे. अर्धवेळ नोकरीत पदच अर्धं असतं. इथे पद पूर्ण आहे, त्यावर माणसं दोन. मी 'सामायिक पद' सुचवेन. सातबाऱ्यावरची सामायिक विहीर आठवा: हिस्से लिहिलेले, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि एकाने आपला हिस्सा विकला म्हणून दुसऱ्याचा बुडत नाही. नेमकी हीच हमी जर्मनीच्या 2001 पासून लागू असलेल्या अर्धवेळ कामाच्या कायद्यात आहे. सामायिक पदावरचा एक जण सोडून गेला, तर तेवढ्या कारणावरून मालक दुसऱ्याला काढू शकत नाही. जोडीदार आजारी पडला तर त्याचं काम दुसऱ्याने आपोआप ओढायचं, असंही नाही. त्या वेळी दुसऱ्याची संमती लागते, किंवा तातडीच्या गरजेसाठी तशी अट करारात आधीच असावी लागते. मसुद्यात हे दोन्ही मुद्दे शब्दाच्या पाठोपाठ यायलाच हवेत.

कुणी 'बदली' सुचवेल, कारण मुंबईच्या गिरण्यांमुळे तो शब्द आपल्या तोंडात आहे. पण बदली कामगार कायम कामगाराच्या गैरहजेरीत उभा राहतो. कायम माणूस हजर, तर बदलीला त्या दिवशी काम नाही. सामायिक पदावर दोघेही हक्काचे.

मंदीत नोकऱ्या वाचवायला सगळ्यांचेच तास कमी करतात, ती गोष्ट आणखी वेगळी. फोक्सवॅगनमध्ये 1993 साली आयजी मेटल या जर्मन धातुउद्योगातल्या कामगार संघटनेने असा करार केला: आठवडा 28.8 तासांचा, पगारात कपात, पण सुमारे 30,000 नोकऱ्या वाचल्या. याला 'काम वाटून घेणं' असं सरळ क्रियापदाने म्हणावं.

आता 'लवचिक'. शब्द वाईट नाही, पण वाकायचं कुणी, हे तो सांगत नाही. मालकाने आदल्या रात्री पाळी बदलली तरी ती लवचिकच! म्हणून 'कामगाराच्या पसंतीची वेळ' असं कर्त्यासकट लिहा. याच आयजी मेटलने 2018 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मिळवलेला करार मला फार मोलाचा वाटतो. 35 तासांचा आठवडा कामगाराला 28 तासांपर्यंत उतरवता येतो, सहा महिने ते दोन वर्षं. पगार त्या प्रमाणात घटतो. पण त्यांनी नाव दिलं 'कमी केलेली पूर्णवेळ', अर्धवेळ नव्हे. कारण मुदत संपली की पूर्ण तासांवर परतायचा हक्क शाबूत राहतो. घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले आईवडील असलेल्या माणसाला याच हक्काचा आधार असतो.

तेव्हा ताई, 'तास कमी करण्याची मुभा राहील' एवढ्यावर कलम संपवू नका. त्याच वाक्यात पुढे लिहा: 'आणि मुदतीनंतर पूर्वीच्या तासांवर, पूर्वीच्या वेतनश्रेणीत रुजू होण्याचा हक्क राहील.' 'मुभा' काढून तिथेही 'हक्क' घातलात तर उत्तमच.