आमच्या गावचा इतिहास लिहायचा आहे, शिवकालीन पुरावे कुठे मिळतील?

तुमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, आठवडी बाजाराचं. यात्रेला गावच्या इतिहासाची पुस्तिका काढायची आहे आणि त्यासाठी शिवकालीन पुरावे हवेत. आमच्याकडे प्रत्येक गावात महाराजांनी एकदा तरी घोड्याला पाणी पाजलेलं असतं. पाजलं असेलही. कागद असेल तर छापा, नसेल तर गप्प बसा. महाराजांना तुमच्या पुस्तिकेची गरज नाही.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, जवळपास सगळं मोडीत. तिथे गावाच्या नावाने 'इतिहास' बांधून ठेवलेला नसतो, सापडतात ती भांडणं. पाटीलकीत थोरला कोण नि धाकटा कोण, होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा. त्यावर गोत, म्हणजे गावकऱ्यांची सभा, बसायचं, साक्षी व्हायच्या आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जायचा. तळाशी पाटलाची निशाणी नांगर, बाकीच्या बलुतेदारांची आपापली हत्यारं. गाव भांडलं म्हणून कागद झाला आणि कागद झाला म्हणून आज आपल्याला काही कळतं. म्हणूनच भांडणं गाळून लिहिलेला गावचा इतिहास म्हणजे लग्नपत्रिका: सगळ्यांची नावं आहेत, मान सांभाळलाय, घडलेलं काहीच नाही.

हे मी आमच्या चुलत्यांना स्मरणिकेच्या बैठकीत ऐकवलं होतं. आमच्या मराठी शाळेला शंभर वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. चुलते समितीचे अध्यक्ष, आम्ही पाटलांच्या भावकीतले, आणि लिहिता येतं म्हणून काम माझ्या गळ्यात. मी शाळेचं जनरल रजिस्टर मागून घेतलं. कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. त्यातला 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना वाचत गेलो. 'गुरे राखणेस.' 'मुंबईस गेला.' 'गुरे राखणेस.' 'लग्न झाले.' ऑक्टोबर १९१८ च्या पानावर एकाखाली एक 'मयत', इन्फ्लुएंझाची साथ. त्याच्या आधीच्या काही पानांवर 'प्लेगमुळे गाव माळावर, शाळा बंद' असा आडवा शेरा. आख्खं गाव त्या एका रकान्यात होतं. गिरणीत कोण गेलं, दुष्काळात कोणाची पोरं घरी बसली, मुली चौथीच्या पुढे का दिसत नाहीत, सगळं.

ते चुलत्यांना आवडलं. बिनसलं पुढे. गावातल्या म्हाताऱ्यांना भेटत होतो, तेव्हा बौद्धवस्तीतल्या एका आप्पांनी सांगितलं, की १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि त्यानंतरच्या यात्रेत त्यांच्या वडिलांनी हलगीला हात लावला नाही. मेलेली गुरं ओढायचीही बंद केली. गावाने पीठगिरणी बंद केली, दुकानदाराने मीठ-मिरची द्यायची बंद केली. ते लोक शेजारच्या बाजाराला चालत जाऊन सामान आणायचे. १९५८ च्या कायद्याने या कामांची वतनंच, म्हणजे कामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनी नि हक्क, खालसा झाली, पण आमच्याकडे कायद्याच्या आधी माणसांनी सोडलं होतं. पालखी त्या वर्षी हलगीशिवाय निघाली. माझ्या आजीनेही तेच सांगितलं, फक्त तिच्या तोंडी ते 'त्या साली यात्रा मुकी झाली' असं होतं.

मी दोन पानं लिहिली. चुलते म्हणाले, "बाळासाहेब, जुनं कशाला उकरून काढतोस? आता सगळे गुण्यागोविंदाने राहतात." मी म्हणालो, "काका, राहतात ना, मग छापायला भीती कसली?" त्यावर समितीतले एक गुरुजी म्हणाले की वर्गणीवर परिणाम होईल. पानं गेली. त्यांच्या जागी आमदारांचा शुभसंदेश आणि घोड्याला पाणी.

सगळ्यात मजा म्हणजे आप्पांनी स्वतः पाचशे एक रुपये वर्गणी दिली होती. नाव छापलंय, शेवटून दुसऱ्या पानावर.

तर तुमच्यासाठी. पेशवे दफ्तराच्या मागे नंतर लागा. आधी शाळेचं रजिस्टर, मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममधला गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने बऱ्याच जिल्ह्यांनी ही दफ्तरं स्कॅन केलीत, त्यामुळे थेट दफ्तरात जायच्या आधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बघा. भूमी अभिलेखमध्ये जुना गावनकाशा आणि शेतवार पत्रक मागा. इनामं कोणाची होती ते त्यात दिसतं आणि देवस्थानाच्या जमिनीवर आज कोणाचा ऊस उभा आहे ते गावाला माहीत असतंच. सातारा गॅझेटिअर १८८५ चं, इंग्रजीत आहे. गावावर चार ओळी असतील तर नशीब, पण बाजाराचा वार बहुधा सापडेल. यात्रेची वर्गणीवही कोणाच्या तरी माळ्यावर असते. पालखी कुठल्या आळीत थांबते आणि कुठल्या आळीत थांबत नाही, हे स्वतः चालत जाऊन लिहून घ्या. कारण विचारू नका, दुसऱ्या दिवशी लोक आपणहून घरी येऊन सांगतात.

आणि हो, मोडी वाचणारा माणूस आधी गाठा. नाहीतर फोटो मोबाईलमध्ये पडून राहतात. जिवंत माणसांच्या कोर्टात चालू असलेल्या वादातले कागद मात्र छापू नका, तिथे माझं तत्त्वज्ञान चालत नाही. आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाव टाकू नका. मी आप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले, "वडलांचं नाव मोठ्या अक्षरात टाका."

काका हे वाचत असतील तर, ती दोन पानं टाईप करून तयार आहेत. शाळेच्या सव्वाशेव्या वर्षाची समिती अजून नेमायची आहे.