गोचीड कुणाच्या अंगावर, कुठल्या मुलखात?

कुत्र्याच्या अंगावरची गोचीड आणि गाईच्या अंगावरची गोचीड एकच ना?

नाही. जगात गोचिडींच्या सुमारे ९०० जाती माहीत आहेत. कुत्र्यावर बहुधा दिसते ती तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. पिल्लू, मधली अवस्था, पूर्ण वाढ अशा प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन झालं की ती खाली उतरते, कात टाकते आणि पुन्हा कुत्रा गाठते. त्यासाठी तिला भिंतीतली फट पुरते, म्हणून ती घरातच पिढ्यान्‌पिढ्या तग धरते. गाईवरची ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस मात्र एकदा चढली की सहसा उतरत नाही. सहा पायांच्या पिल्लापासून आठ पायांच्या मादीपर्यंतची सगळी वाढ त्याच जनावरावर सुमारे तीन आठवड्यांत होते. मग रक्ताने टम्म फुगलेली मादी जमिनीवर पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणूनच नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही, घराच्या फटीही बघाव्या लागतात. गाईच्या बाबतीत चराऊ जमिनीचा विचार करावा लागतो.

गोचीड झाडावरून अंगावर उडी मारते का?

तिला उडी मारताच येत नाही. ती गवताच्या पात्यावर चढून पुढचे पाय पसरून वाट बघते. याच पायांवरच्या इंद्रियाने तिला श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. कोरड्या प्रदेशातल्या हायलोमा गोचिडी मात्र जमिनीवरून सावजाच्या मागे धावतात.

साप, कासव, पक्षी यांनाही गोचीड लागते?

लागते. अँब्लिओमा वंशातल्या कितीतरी जाती साप, घोरपडी आणि कासवांवर जगतात. आयक्सोडीस युरी समुद्रपक्ष्यांवर राहते आणि दोन्ही ध्रुवांकडच्या थंड किनाऱ्यांवर आढळते, पेंग्विनच्या वसाहतींतसुद्धा. कोंबड्यांवरची आर्गस पर्सिकस मऊ अंगाची असते. पूर्ण वाढलेली गोचीड रात्री थोडा वेळ रक्त पिऊन परत फटीत शिरते. दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी ती सापडत नाही, रात्री टॉर्च घेऊन बघा.

माकडतापाला गुरं जबाबदार आहेत का?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. माकडताप हा माकडांना आणि माणसांना होणारा विषाणूजन्य आजार. तो १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. तो मुख्यतः हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड पसरवते. पूर्ण वाढलेल्या गोचिडी गुरांवर पोसल्या जातात, त्यामुळे त्यांची संख्या वाढते, पण गुरं विषाणूचा साठा नव्हेत, म्हणजे विषाणू त्यांच्यात टिकून पुढे पसरत नाही. माणसाला चावते ती बहुधा मधल्या अवस्थेतली, खसखशीएवढी गोचीड. जंगलात माकडं मरू लागली की ती धोक्याची खूण समजायची. गुरांना दोष देऊन हे चक्र समजणार नाही.

एखादी जात नव्या देशात कशी रुजते?

बहुधा जनावरांबरोबर. मायक्रोप्लस मूळची आशियातली, गुरांसोबत आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत पोचली. पूर्व आशियातली हिमाफिसॅलिस लाँगिकॉर्निस २०१७ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका मेंढीवर सापडली. तिच्या काही माद्या नराशिवायच अंडी घालतात, त्यामुळे एकच मादी पुरते. पण पुढे टिकायला हवेत ओलावा आणि जवळपास योग्य जनावरं लागतातच.

सापडलेली गोचीड ओळखायची कशी?

चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. जळती काडी किंवा रॉकेल नको. मग ती अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा. पाठीवरचं टणक कवच बघा: नरात ते सगळी पाठ झाकतं, मादीत फक्त पुढचा भाग, म्हणून रक्त पिऊन तीच फुगू शकते. चिठ्ठीवर तारीख, जागा आणि कोणत्या जनावरावर मिळाली ते लिहा. नुसतं ‘कुत्र्यावरची’ एवढं लिहिलं तर जात ठरवता येत नाही.