कॅनडातल्या विनिपेगला जानेवारीत येताय? मग हे वाचा

अरे मित्रा, पहिली गोष्ट म्हणजे पुण्यातनं महागडं जॅकेट घेऊन येऊ नकोस, आपल्याकडचं 'हेवी विंटर' इथं ऑक्टोबरातच गार पडतं. येताना घालायला एक चालेल, बाकी इथंच घे, सेकंडहँड पण मस्त मिळतात.

आतनं कॉटनचं बनियन घालू नकोस. घाम आला की ते ओलं राहतं आणि मग हुडहुडी भरते ती जात नाही, त्यापेक्षा लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. बूट एक साइज मोठे घे, घट्ट बुटात दोन मोजे कोंबलेस तर पाय जास्तच गार पडतात. ग्लोव्ह्जपेक्षा मिटन्स (चार बोटांना एकच कप्पा असलेल्या) बऱ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात (फोन वापरता येत नाही, पण तसंही बॅटरी पटकन उतरते, फोन आतल्या खिशात ठेव).

आकडा बघताना नुसतं टेंपरेचर नको, विंड चिल (वाऱ्यामुळं अंगाला जाणवणारी थंडी) बघ. उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० ला ५ ते १० मिनिटांत. नाक-कान पांढरट, बधिर झाले तर चोळायचं नाही हं, आजी सांगेल तसं तर अजिबात नाही, आत जाऊन कोमट पाण्यानं हळूहळू.

गाडी घेतलीस तर पुढनं लोंबणारी प्लगची वायर बघून दचकू नकोस, ते ब्लॉक हीटरचं (इंजिन गरम ठेवणारा हीटर), रात्री लावायचं. आणि खोबरेल आण, इथं दगड होतं पण ओठांना तेच बरं.