सुई टोचली ती पहाटे चारला

"मॅडम, झोपच लागत नाही," एवढंच म्हणून सिस्टर खुर्चीच्या कडेवर टेकल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बोलताना डाव्या हाताची तर्जनी सारखी चोळत होत्या. बोटाला काय झालं विचारलं, तर डोळे भरून आले. परवाच्या नाइटला, पहाटे चारच्या सुमारास, पेशंटला वापरलेली सुई टोचली होती. कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी घड्याळ पाहिलं. दुपारचे बारा, म्हणजे ५६ तास.

एरवी समुपदेशनात मी समोरच्याला सावकाश बोलू देते. त्या दिवशी ते परवडणारं नव्हतं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं, म्हणजे पीईपी, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि खरं तर पहिल्या काही तासांतच. "झोपेचं नंतर बघू, आधी कॅज्युअल्टीत चला," म्हणत मी सोबत गेले. पेशंट घरी गेलेला, त्याचा रिपोर्ट नाही. डॉक्टरांनी २८ दिवसांचा कोर्स सुरू केला. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झालेली होती, तेवढा दिलासा.

पुढच्या भेटीत कळलं, दोन रात्री त्यांनी स्वतःला आजारी ठरवूनच काढल्या होत्या. सुई एचआयव्हीबाधित पेशंटची असली तरी लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हा आकडा त्या स्वतः विद्यार्थिनींना शिकवतात!

मग लपवलं का? "पहिला प्रश्न आला असता, सुईला टोपण परत का लावलंत? वर मेमो."

ही भीती मला जवळपास प्रत्येक वॉर्डातून ऐकू येते, आणि ती खोटी नाही. मेमो मिळणारच नाही, असं वचन मी देऊ शकले नाही. पण टोपण लावू नये हे ठाऊक असलेल्या बाईनं ते का लावलं, हे कुणी विचारतं का? शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा डबा तीन-चतुर्थांश भरला की बदलायचा असतो. तो काठोकाठ भरला होता. नवा आणायचा तर खालच्या मजल्यावर जायचं, आणि वॉर्डात ३२ पेशंट. 'निष्काळजीपणा' हा शब्द व्यवस्थापनाला फार सोयीचा पडतो. १९९०च्या दशकात अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्येच जास्त चुका नोंदलेल्या निघाल्या. तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे. तिथली माणसं त्या सांगायला घाबरत नव्हती.

इन्सिडंट फॉर्म त्यांनी माझ्यासमोरच भरला. पुढेमागे काही निघालं, तर कामावर सुई टोचल्याचा हाच पुरावा, म्हणून एक प्रत स्वतःजवळ ठेवायला सांगितली. 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'माझी चूक.'

"त्या वेळी वॉर्डात काय काय होतं, तेवढंच लिहा," मी म्हटलं.

त्यांनी ते खोडलं. लिहिलं, 'डबा भरलेला होता.' थोडा वेळ पेन तसंच धरून बसल्या. मग खाली आणखी एक ओळ आली: 'रात्री १ पासून वॉर्डात मी एकटी.'