इंग्लंडात टॅक्सी चालवायची तर कौन्सिलला काय लागतं

नमस्कार,

तुम्ही सगळं नीट मांडून विचारलंत, त्यामुळे उत्तर द्यायला सोपं गेलं. नाशिकला दहा-बारा वर्षं टूरिस्ट गाडी चालवताय, वहिनींना मिडलँड्समधल्या सरकारी हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आहे, तुम्ही त्यांच्या डिपेन्डन्ट व्हिसावर येणार आणि इथे टॅक्सी चालवायचं मनात आहे. तुमच्या शंका तीन. आपला बॅज इथे चालतो का, गणपतीच्या मिरवणुकीतल्या मारामारीची ती जुनी केस आड येईल का, आणि ‘तिकडे कौन्सिल (म्हणजे तिथली नगरपालिका) कोर्टात न जाताच लायसन्स काढून घेते’ हे खरं का. तिसरी गोष्ट खरी आहे, आणि जास्त बोलायचं आहे ते तिच्याबद्दलच.

आधी व्हिसा, कारण त्यात फार काही नाही. डिपेन्डन्ट व्हिसावर तुम्ही स्वतःचा धंदा म्हणून गाडी चालवू शकता. स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना स्वयंरोजगाराला बंदी असते, त्यामुळे तुमच्या भाच्याला ‘ये, पार्ट-टाइम टॅक्सी मारू’ असं सांगू नका. डिसेंबर २०१६पासून लायसन्स देण्याआधी व्हिसा तपासणं कौन्सिलला बंधनकारक आहे. व्हिसा जितका, लायसन्सही फार तर तितकंच. एरवी ते तीन वर्षांचं मिळतं.

आता बॅज. आपल्याकडे आरटीओ सगळं बघतं. इथे गाडी चालवायचं लायसन्स डीव्हीएलए ही सरकारी संस्था देते आणि भाडं मारायचं लायसन्स तुमच्या शहराची किंवा जिल्ह्याची कौन्सिल देते. लंडन तेवढं तिथली वाहतूक संस्था टीएफएलकडे आहे, आणि स्कॉटलंड-नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे निराळे. मी लिहितोय ते लंडनबाहेरच्या इंग्लंडबद्दल.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने खाजगी गाडी चालवता येते. पण भारताचं लायसन्स इथल्या लायसन्सशी बदलून मिळत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. त्या पास होऊन पक्कं लायसन्स हातात आलं की तिथून किमान १२ महिने गेल्याशिवाय टॅक्सीचं लायसन्स देता येत नाही, हे १९७६च्या कायद्यातच आहे. काही कौन्सिलांना दोन-तीन वर्षंही लागतात. म्हणजे कसारा घाटात घासलेली दहा वर्षं इथे कागदावर शून्य. वाईट वाटेल, पण तसंच आहे.

त्यातला एक सापळा आत्ताच सांगून ठेवतो. इथे परीक्षा पास झाल्यावर पहिली दोन वर्षं तुम्ही कायद्याने ‘नवे’ ड्रायव्हर. त्या काळात लायसन्सवर ६ पॉइंट, म्हणजे वाहतुकीचे नियम मोडल्याचे दंडगुण, लागले की डीव्हीएलए लायसन्सच रद्द करते, पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. आणि हातात मोबाइल धरून गाडी चालवताना सापडलात तर एका झटक्यात ६ पॉइंट आणि २०० पौंड दंड. सिग्नलला उभे असताना नुसतं व्हॉट्सॲप उघडलंत तरी तेच. वर, सरकारच्या मार्गदर्शक निकषांप्रमाणे मोबाइलच्या शिक्षेनंतर पाच वर्षं टॅक्सीचं लायसन्स देऊ नये असं आहे. मोबाइल स्टँडला लावा आणि गाडी चालू असेपर्यंत हातात घेऊ नका.

लायसन्सचे प्रकार दोन. हॅकनी कॅरिज म्हणजे रँकवर, म्हणजे टॅक्सी स्टँडवर, उभी राहणारी, हात दाखवून थांबवता येणारी टॅक्सी. प्रायव्हेट हायर म्हणजे ऑपरेटरमार्फत आधी बुक झालेलीच भाडी घेणारी गाडी. ॲपवाल्या गाड्या बहुतेक यातच येतात. प्रायव्हेट हायरला ड्रायव्हर, गाडी आणि ऑपरेटर अशी तीन लायसन्स, आणि तिन्ही एकाच कौन्सिलची असावी लागतात. शुक्रवारी रात्री पबबाहेर कुणी ‘स्टेशनला सोडतोस का’ म्हणालं आणि बुकिंगशिवाय बसवलंत, तर तो गुन्हा, आणि त्या फेरीला विमाही लागू नाही. म्हणजे विम्याशिवाय गाडी चालवल्याचे पॉइंट वेगळे. कौन्सिलचे लोक साध्या कपड्यांत, गिऱ्हाईक बनून असे सापळे लावतात. नाशिकला रिकाम्या परतीच्या गाडीत वाटेतलं शीट घेणं आपल्या हाडात मुरलेलं असतं. ते विमानतळावरच सोडून या.

अर्ज करताना पोलिस रेकॉर्डची सगळ्यांत कडक तपासणी, म्हणजे एन्हान्स्ड डीबीएस, लागते. बहुतेक ठिकाणी बस-लॉरीवाल्यांच्या दर्जाची मेडिकल, इंग्रजीची आणि नियमांची चाचणी आणि मुलांच्या-दुबळ्यांच्या सुरक्षेचं प्रशिक्षणही असतं. ब्रिटनबाहेर सलग तीन महिने किंवा जास्त राहिलेल्यांना त्या देशाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्यावा लागतो. आपल्यासाठी तो म्हणजे पीसीसी, पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट. तो इथूनही भारतीय उच्चायोगाच्या सेवा केंद्रामार्फत काढता येतो. भारतातून काढून आणलेला अर्जाच्या वेळेपर्यंत जुना झालेला असेल.

आता तुमची केस. तडजोड झाली, निर्दोष सुटलात, आता कशाला उकरायचं, असं तुमच्या मेहुण्यांचं म्हणणं. माझं म्हणणं उलट आहे. अर्जातला प्रश्न शब्द न् शब्द वाचा. नुसत्या शिक्षा विचारल्या आहेत, की अटक आणि आरोपही? अटक-आरोप विचारले असतील तर लिहा. टॅक्सीच्या बाबतीत जुन्या, एरवी ‘संपलेल्या’ शिक्षाही कौन्सिल बघू शकते. जुन्या शिक्षा न सांगण्याची सूट या धंद्याला नाही. मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असती तर शिक्षा भोगून संपल्यावर दहा वर्षं थांबावं लागलं असतं. तुम्हाला शिक्षा झालेलीच नाही, म्हणजे गोष्ट बरीच सौम्य आहे. पण विचारलेलं असताना महत्त्वाची गोष्ट लपवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जुनी मारामारी कौन्सिलची कमिटी एक वेळ मागे टाकेल; लपवाछपवी दिसली की मात्र माणूस विश्वासाचा नाही हेच तिच्या डोक्यात बसतं. कोर्टाच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी निघायच्या आधीच काढा आणि तिचं इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून ठेवा. इथून नाशिकच्या कोर्टातली कॉपी मागवणं म्हणजे कुणाला तरी रजा टाकायला लावणं आहे.

आता तिसरी शंका. कायद्यात एकच कसोटी आहे: माणूस ‘फिट अँड प्रॉपर’, म्हणजे या कामाला लायक आणि विश्वासाचा, आहे का. ती लायसन्स देताना एकदा लावून सोडून दिली जात नाही, पुढेही लागतच राहते. सरकारी निकषांत कौन्सिलने स्वतःला विचारायचा प्रश्न असा आहे, माझ्या शब्दांत: आपल्या जिवाभावाच्या माणसाला, तो कुठल्याही अवस्थेत असो, दिवसा किंवा रात्री या ड्रायव्हरबरोबर एकटं पाठवाल का? उत्तर पन्नास-पन्नास असेल तर लायसन्स नाही. संशयाचा फायदा आरोपीला, हे फौजदारी कोर्टाचं तत्त्व इथे लागू नाही. त्यामुळे कोर्टातून निर्दोष सुटलेल्याचंही लायसन्स जाऊ शकतं. आपल्या लोकांना सगळ्यांत जास्त खटकतं ते हे. मलाही पूर्ण पटलेलं नाही; खोटी तक्रार करणाऱ्या दारुड्याचा शब्द आणि वीस वर्षं स्वच्छ गाडी चालवणाऱ्याचा शब्द एकाच तराजूत कसा, हा प्रश्न उरतोच.

पण हे एवढं कडक का झालं, तेही माहीत हवं. ऑगस्ट २०१४मध्ये उत्तर इंग्लंडातल्या रॉदरहॅम या गावाबद्दल प्रा. अलेक्सिस जे यांचा अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात तिथे सुमारे १४०० मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचा त्यांचा अंदाज होता, आणि त्यात टॅक्सी ड्रायव्हरांचा हात असल्याचं पुन्हा पुन्हा समोर आलं होतं. फेब्रुवारी २०१५मध्ये सरकारने नेमलेल्या लुईस केसी यांच्या पाहणीत तिथलं टॅक्सी लायसन्सचं कामही ढिसाळ असल्याचं निघालं. सरकारने कौन्सिलचा कारभार आयुक्तांच्या हाती दिला. जुलै २०२०चे देशभराचे निकष आले ते याच पार्श्वभूमीवर. तेव्हापासून कुठलाही अधिकारी किंवा नगरसेवक ‘बघू, जाऊ द्या’ म्हणायला धजत नाही.

फाइल पुन्हा कशाने उघडते? डीबीएस दर सहा महिन्यांनी तपासावी असा निकष आहे. पोलिसांना गंभीर वाटलं तर अटक झाल्याबरोबर ते कौन्सिलला कळवू शकतात. प्रवाशाची तक्रार, ऑपरेटरचा रिपोर्ट, वाढलेले पॉइंट, मेडिकल. एप्रिल २०२२पासून नूतनीकरणाला टॅक्सची नोंदणी केल्याचा कोडही लागतो. अंध प्रवाशाचा मदतनीस कुत्रा नाकारलात तर तो गुन्हा, १००० पौंडांपर्यंत दंड. त्यात ‘आमच्यात चालत नाही’ हे कारण नाही. फक्त डॉक्टरी कारणावर कौन्सिलकडूनच सूट मिळते. आणि अटक झाली, आरोप ठेवला गेला किंवा साधा वेगाचा दंड झाला, तरी ४८ तासांत तुम्हीच कौन्सिलला कळवायचं, ही अट निकषांत आहे. मी पाहिलेल्या प्रकरणांत लायसन्स अडचणीत आलं ते बऱ्याचदा तीन पॉइंटांमुळे नव्हे, ते न कळवल्यामुळे.

मग पत्र येतं. काही निर्णय अधिकारीच घेतात, बाकीचे लायसन्सिंग सब-कमिटीपुढे जातात. साधारण तीन नगरसेवक, एक कायदेशीर सल्लागार, लायसन्सिंगचा अधिकारी. बहुधा पत्रकार-प्रेक्षकांना बाहेर ठेवतात. अधिकारी अहवाल मांडतो, तुम्ही बोलता, ते प्रश्न विचारतात, मग सगळ्यांना बाहेर बसवून ठरवतात. निर्णय कारणांसकट लेखी मिळतो. युनियनचा माणूस किंवा वकील सोबत नेता येतो, आणि न्यावाच. अहवाल आधी मिळतो. तो हातात पडला त्याच दिवशी वाचा, चुकीच्या तारखेवर पेन्सिलीने खूण करा, गाडीतल्या कॅमेऱ्याचं फुटेज असेल तर पुसलं जायच्या आत काढून ठेवा.

तिथे आपली माणसं ठरलेली एक चूक करतात. ‘साहेब, पोटावर पाय देऊ नका, बायको-पोरं आहेत, घराचा हप्ता आहे.’ आरटीओत किंवा पोलिस चौकीत याने समोरचा कधीतरी विरघळतो. इथे ते ऐकून घेतील आणि बाजूला ठेवतील, कारण ठेवावंच लागतं. लीड्स कौन्सिल विरुद्ध हुसेन या २००२च्या निकालापासून ठरलेलं आहे की ड्रायव्हरच्या घरच्या परिस्थितीचा विचार फारच विरळा प्रकरणात होऊ शकतो. प्रश्न प्रवाशाच्या सुरक्षिततेचा आहे. त्यापेक्षा काय घडलं, तेव्हा मी काय केलं आणि त्यानंतर काय बदललं, हे सांगा. कोर्स केला असेल तर त्याचा कागद द्या. समोरच्या प्रवाशाला शिव्या घालू नका.

लायसन्स निलंबित किंवा रद्द झालं तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं, आणि तिथे प्रकरण नव्याने ऐकलं जातं. साध्या प्रकरणात अपील चालू असेपर्यंत गाडी चालवता येते. पण ‘सार्वजनिक सुरक्षेसाठी तात्काळ’ असं लिहिलं असेल तर पत्र मिळाल्या क्षणापासून चाक थांबतं, आणि अपील लागेपर्यंत महिनोन् महिने घरी. हरलात तर कौन्सिलचा खर्च अंगावर पडू शकतो. जिंकलात तरी तुमचा खर्च मिळेलच असं नाही. म्हणून अपीलाच्या आधी वकिलाला ‘जिंकू का’ एवढंच विचारू नका, ‘किती पडेल’ हेही विचारा.

‘एका कौन्सिलने काढलं तर शेजारच्या गावातून घेऊ’ हा मार्गही बंद झाला आहे. लायसन्स नाकारल्याची, निलंबित किंवा रद्द केल्याची नोंद राष्ट्रीय यादीत होते आणि एप्रिल २०२३पासून इंग्लंडातल्या कौन्सिलांना ती यादी वापरणं सक्तीचं आहे. ज्यांचं रेकॉर्ड स्वच्छ आहे त्यांना मात्र राहत्या गावाबाहेरच्या कौन्सिलचं लायसन्स घेता येतं. वुल्व्हरहॅम्प्टनची प्लेट लावलेल्या गाड्या तुम्हाला मँचेस्टरलाही दिसतील, कारण तिथे काम भराभर होतं. जून २०२५च्या अहवालात लुईस केसी यांनी हा प्रकार थांबवायची शिफारस केली आहे. त्यामुळे नव्याने सुरू करताना मी तरी राहत्या गावाच्या कौन्सिलकडेच जाईन. अर्ज करण्याआधी तिच्या वेबसाइटवरचं टॅक्सीचं धोरण वाचा. त्यात पॉइंट, गाडीचं वय, चाचण्या सगळं असतं आणि गावोगाव बदलतं.

तर हिशेब असा: आल्याबरोबर प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सला अर्ज, मग थिअरी, मग प्रॅक्टिकल, ज्याच्या तारखा मिळायलाच महिने जातात, आणि त्यावर किमान एक वर्ष. दीड-दोन वर्षं टॅक्सीचं उत्पन्न धरू नका. तोवर वेअरहाउस आहे, हॉस्पिटलात पोर्टरची कामं निघतात, पार्सल डिलिव्हरी आहे. तिला कौन्सिलचा बॅज लागत नाही, मात्र भाड्याने माल पोचवायचा विमा वेगळा काढावा लागतो. नाशिकची गाडी लगेच विकू नका, भावाला चालवायला द्या. आणि इथे कुणी ‘बॅज येईपर्यंत माझ्या नावावर चालव’ म्हणालं, अगदी आपला मराठी माणूस असला तरी, सरळ नाही म्हणा.