मेंदूज्वराचे निदान होण्याआधीच औषधे का सुरू करतात? पाठीतले पाणी काढल्याने अपंगत्व येते का?

आपल्या भावाला दोन दिवसांचा ताप आणि असह्य डोकेदुखी होती, आता तो असंबद्ध बोलू लागला आहे. निदान झालेले नसताना तीन-चार औषधे एकदम का सुरू केली, आणि पाठीच्या मणक्यातून पाणी काढल्याने कायमचे अपंगत्व येते असे नातेवाईक सांगत असताना त्या तपासणीला संमती द्यावी का, असे आपण विचारले आहे. मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे. रुग्णाला न तपासता त्याच्या प्रकृतीविषयी मी काही सांगणार नाही, परंतु उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्यात विशेष अडचण दिसत नसेल, तर संमती द्यावी आणि लगेच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी औषधांविषयी. मेंदूभोवतीच्या आवरणांना जिवाणूंचा संसर्ग झाला असेल, तर काही तासांत मेंदूला सूज येऊन रुग्ण दगावू शकतो, म्हणून संशय आल्यापासून तासाभरात प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून जायला हवा. ताप, मान ताठ होणे आणि शुद्धीत बदल ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहिली, तर निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये हा आजार ओळखायचा राहून जाईल, कारण ती सगळ्यांमध्ये एकत्र दिसतच नाहीत. त्यामुळे आधी रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी) घेतात आणि लगोलग प्रतिजैविक म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देतात. न्यूमोकॉकस हा मेंदूज्वराचा जिवाणू त्याला दाद देत नसल्यास उपयोगी पडावे म्हणून व्हॅन्कोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक जोडतात. वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर अँपिसिलिनही देतात, कारण लिस्टेरिया या जिवाणूवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मुळीच चालत नाही. पहिल्या डोसच्या थोडे आधी किंवा त्याच्याबरोबरच डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. जिवाणू मरून फुटू लागले की दाह उलट वाढतो, तो त्याने आटोक्यात राहतो. प्रौढांमध्ये, विशेषतः न्यूमोकॉकसच्या संसर्गात, याने मृत्यू कमी होतात हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत दिसून आले. तपासणीचे निकाल आले की यातली अनावश्यक औषधे बंद केली जातात.

आता पाणी काढण्याविषयी. हाइनरिख क्विंके यांनी ही पद्धत १८९१ मध्ये मांडली. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून घालतात. तिथे मज्जारज्जू नसतोच. द्रवात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात आणि ते सहसा सुईच्या टोकापुढून बाजूला सरकतात. काढलेले काही मिलिलिटर पाणी शरीर लवकरच भरून काढते, कारण दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर द्रव नव्याने तयार होत असतो. काहींचे डोके नंतर काही दिवस दुखते. उठून बसल्यावर वाढते, आडवे झाल्यावर कमी होते. खरा धोका वेगळाच आहे. मेंदूत गळू किंवा मोठी सूज असेल तर खालून द्रव काढल्यावर मेंदूचा भाग खाली सरकू शकतो. म्हणून रुग्ण गाढ बेशुद्ध असेल, एका बाजूची शक्ती गेली असेल, नुकतीच फिट आली असेल, डोळ्यांच्या पडद्यावर सूज असेल किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर आधी सीटी स्कॅन करतात. मात्र स्कॅनसाठी प्रतिजैविक थांबवणे चूक आहे. रक्त गोठण्यात दोष असेल तरीही सुई घालणे पुढे ढकलावे लागते.

त्या थोड्याशा पाण्यातून जे कळते ते दुसऱ्या कुठल्याही तपासणीतून कळत नाही. निरोगी माणसाचे पाणी नितळ असते; काचेची नळी उजेडासमोर धरल्यावर ते गढूळ दिसले, तर पांढऱ्या पेशी शेकड्यांनी वाढल्या आहेत हे तिथेच समजते. एरवी एका घन मिलिमीटरमध्ये पाचांपेक्षा जास्त पेशी नसतात, आणि साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. त्यामुळे त्याच वेळी रक्तातली साखर तपासायलाच हवी. ती तपासली नसेल तर अहवालातला साखरेचा आकडा मला जवळजवळ निरुपयोगी वाटतो. जिवाणूंच्या संसर्गात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, साखर घसरते, प्रथिने चढतात. विषाणूंच्या संसर्गात लिम्फोसाइट या वेगळ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढतात, पण साखर बहुधा ठीक असते. क्षयाच्या मेंदूज्वरात लिम्फोसाइट अधिक आणि साखर कमी असते, आणि नळी न हलवता ठेवली तर कधी कधी आत कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा धरतो. तो आजार बहुधा आठवडे-दोन आठवडे कुरकुरत येतो, दोन दिवसांत क्वचितच. प्रतिजैविक सुरू झाल्यावर पाणी काढून काय उपयोग, असेही विचारले जाते. मेनिंगोकॉकस हा मेंदूज्वराचा जिवाणू दोनेक तासांत कल्चरमधून नाहीसा होऊ शकतो हे खरे, पण पेशी आणि साखरेतील बदल त्यानंतरही टिकतात आणि पीसीआर या जनुकीय चाचणीत जंतूचा अंश सापडू शकतो.

भाऊ असंबद्ध बोलतो, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आवरणांबरोबर मेंदूच बाधित झाल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचा विचार आधी करावा लागतो. असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध न मिळाल्यास यातले सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात, आणि उशिरा मिळाल्यास जगलेल्यांची स्मृती कायमची अधू होऊ शकते. एमआरआयमध्ये कानशिलाजवळच्या भागात सूज दिसते. पहिल्या तीन दिवसांत पीसीआर नकारात्मक येऊ शकते, म्हणून संशय बळकट असेल तर औषध चालू ठेवून पुन्हा पाणी तपासावे, हा मुद्दा डॉक्टरांना जरूर विचारा. औषध शिरेतून १४ ते २१ दिवस देतात, आणि मूत्रपिंड जपण्यासाठी पुरेसे सलाइनही लागते. कोणताच जंतू सापडला नाही तर स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे झालेला मेंदूदाह शोधावा लागतो, कारण त्याचे उपचार निराळे आहेत.

मेनिंगोकॉकस निघाला, तर घरातल्या निकटच्या माणसांनाही प्रतिबंधक औषध घ्यावे लागेल. आणि जिवाणूंचाच मेंदूज्वर ठरला, तर घरी सोडण्यापूर्वी भावाच्या श्रवणशक्तीची तपासणी करून घ्या. या आजारानंतर येणारा बहिरेपणा गडबडीत लक्षात येत नाही, आणि आतल्या कानात हाड साचू लागल्यावर कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवायचे यंत्र) बसवणे अवघड होते.